ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या रंगकामासाठी वायुसंपीडकाची निवड

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडच्या संत्राबागांपासून रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यापर्यंत आज शेतीची बहुतेक कामे यंत्रावर होतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र आणि बागेतील फवारणीयंत्र यांत शेतकऱ्यांचे बरेच भांडवल गुंतलेले असते. हे भांडवल झिजते त्याहून अधिक गंजते. ज्या ट्रॉलीतून खताची पोती वाहून नेली जातात तिच्या तळाचा पत्रा युरिया व इतर खतांच्या ओलसर चुऱ्याने फार लवकर खाल्ला जातो. पेरणीयंत्राच्या खतपेटीचीही तीच अवस्था होते. गंजाला अटकाव करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळच्या वेळी केलेले रंगकाम होय.

अवजारांचे रंगकाम पूर्वी ब्रशाने होत असे व आजही पुष्कळ ठिकाणी तसेच होते. तथापि ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड व ट्रॉलीच्या फळ्या यांवर एकसारखा, पातळ व चिवट थर बसावा म्हणून आता गावोगावच्या कार्यशाळांतून स्प्रे गनचा वापर होऊ लागला आहे. शेतकरी गटांच्या अवजार बँका व गावातील होतकरू तरुण वायुसंपीडक, म्हणजेच कॉम्प्रेसर, विकत घेत आहेत. अशा वेळी पुष्कळदा केवळ टाकीचा आकार व मोटारीची अश्वशक्ती पाहून खरेदी केली जाते. यंत्र घरी आल्यावर अर्धी ट्रॉली रंगवून होते न होते तोच दाब उतरतो, रंगाचे थेंब जाड पडू लागतात आणि केलेले काम खरवडून पुन्हा करावे लागते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. यास्तव ही निवड कोणत्या हिशेबाने करावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गन कशी चालते

रंगाच्या गनचे तत्त्व साधे आहे. वेगाने बाहेर पडणारी हवा रंगाच्या धारेवर आदळून तिचे सूक्ष्म कण करते व ते कण पत्र्यापर्यंत वाहून नेते. अमेरिकेतील टोलेडो शहरी डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी जी पिचकारी तयार केली होती, तिच्याच धर्तीवर त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ मध्ये रंगाची गन बनविली. पुढे १९२३-२४ च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी लवकर वाळणारे रंग निघाले आणि ब्रशाने कित्येक दिवस चालणारे काम काही तासांवर आले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. संत्र्याच्या बागेत वापरला जाणारा एच.टी.पी. पंप घरी आहे, त्यावर रंगाची गन चालेल काय, अशी पृच्छा शेतकरी करतात. ती चालणार नाही. त्या पंपात दाब द्रवावर असतो, तर रंगाच्या साध्या गनला दाबाखालील हवा लागते. त्याचप्रमाणे औषधफवारणीची कोणतीही टाकी, नळी किंवा तोटी रंगकामासाठी वापरू नये व रंगकामाची औषधासाठी वापरू नये.

विहीर आणि झरा

वायुसंपीडक पारखताना विहिरीचा दृष्टान्त उपयोगी पडतो. विहिरीत सकाळी पाणी किती उभे आहे यावरून जाणता शेतकरी ओलिताचे क्षेत्र ठरवीत नाही. उपसा सुरू झाल्यावर झऱ्यातून पाण्याची आवक किती होते, हे तो पाहतो. कॉम्प्रेसरची टाकी ही विहीर आहे, यंत्रातून दर मिनिटास येणारी हवा हा झरा आहे आणि गन हा उपसा आहे. झरा बारीक असेल तर विहीर कितीही मोठी असली तरी ती केव्हातरी कोरडी पडणारच.

उदाहरणार्थ, २०० लिटरची टाकी ८ किलो दाबापर्यंत भरली आहे असे समजू. (दाब मोजताना बोलीत ज्याला किलो म्हणतात, तो दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम असा समजावा. १ किलो म्हणजे सुमारे १४ पौंड.) ती ५ किलोपर्यंत उतरेतो तिच्यातून सुमारे ६०० लिटर मोकळी हवा मिळते. गन मिनिटाला २५० लिटर हवा खाते व यंत्र १५० लिटरच देते, तर दर मिनिटाला १०० लिटरची तूट येते. म्हणजे घोडा सतत दाबलेला राहिला तर सहा मिनिटांत साठा संपतो. बॉनेटच्या एका हातास तेवढा वेळ पुरतो. ट्रॉलीच्या चारही फळ्यांना तो पुरत नाही.

गनची गरज आधी पाहावी

यास्तव प्रथम गन ठरवावी आणि मग तिला साजेल असा कॉम्प्रेसर घ्यावा. बाजारात हा क्रम बहुधा उलट होतो. गनच्या माहितीपत्रकावर तिला दर मिनिटास किती हवा लागते ते लिटरमध्ये किंवा घनफुटांत दिलेले असते. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. स्थूलमानाने पुढील आकडे ध्यानात ठेवावेत :

१. बारीक दुरुस्तीची लहान गन : मिनिटाला ८५ ते १४० लिटर.

२. नेहमीची साधी गन, ३ ते ३.५ किलो दाबावर : १७० ते २८० लिटर.

३. जास्त हवा व कमी दाब या तत्त्वावरील एच.व्ही.एल.पी. गन : २८० ते ४२० लिटर.

तिसऱ्या प्रकारच्या गनच्या तोंडाशी दाब सुमारे ०.७ किलोपेक्षा अधिक नसतो. त्यामुळे रंगाचा फवारा कमी उधळतो व निदान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसतो. साध्या गनमध्ये पुष्कळदा अर्ध्याहून अधिक रंग हवेत जातो. रंग वाचतो खरा, परंतु त्या मोबदल्यात हवा अधिक लागते. दाब कमी म्हणून लहान कॉम्प्रेसर चालेल, असा तर्क करून ही गन घेणाऱ्याची निराशा होते.

अश्वशक्ती आणि प्रत्यक्ष हवा

कॉम्प्रेसरच्या पट्टीवर पुष्कळदा दट्ट्याचे विस्थापन, म्हणजे दट्ट्याने दर मिनिटाला कापलेली जागा, लिहिलेले असते. प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते, कारण सिलिंडर तापतो, झडपांतून गळती होते आणि दट्ट्याच्या माथ्यावर थोडी हवा प्रत्येक फेऱ्यात अडकून राहते. विक्रेत्याकडे 'प्रत्यक्ष मिळणारी मोकळी हवा किती आणि ती कोणत्या दाबावर', असेच विचारावे. दट्ट्याच्या साध्या यंत्रातून ६-७ किलो दाबावर दर अश्वशक्तीमागे ८५ ते ११५ लिटर हवा मिळते, असा अंदाज धरण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. दट्ट्याचा कॉम्प्रेसर अखंड चालविण्यासाठी नसतो. दर तासात साधारण ६०-७० टक्के वेळ तो चालावा व उरलेला वेळ थंड व्हावा, हे त्याच्या आयुष्याला हितकर असते. म्हणून गनला लागणाऱ्या हवेस ०.६५ ने भागावे. गनची गरज २५० लिटर असेल तर २५० ÷ ०.६५ म्हणजे सुमारे ३८५ लिटर हवा देणारे यंत्र हवे. वर दिलेल्या प्रमाणाने ३ अश्वशक्तीचे यंत्र २५५ ते ३४५ लिटर देते, म्हणजे ते कमी पडते. ५ अश्वशक्तीचे यंत्र ४२५ लिटरच्या वर देते व ते पुरते.

घड्याळ लावून परीक्षा

पट्टीवरील आकड्यांवर विसंबण्याऐवजी शेतकऱ्यास दुकानातच यंत्राची परीक्षा घेता येते. त्यासाठी फक्त सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते. प्रथम टाकीच्या तळची तोटी उघडून साठलेले पाणी काढून टाकावे, मग बाहेर जाणारी झडप बंद करून यंत्र सुरू करावे. काटा ४ किलोवर आला की वेळ टिपावी आणि ७ किलोवर आला की पुन्हा टिपावी. टाकीचे लिटर गुणिले ३ एवढी हवा त्या वेळात आत गेली, असे समजावे.

२०० लिटरच्या टाकीस २ मिनिटे लागली तर ६०० भागिले २, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. ४ मिनिटे लागली तर केवळ १५० लिटर. टाकीत शिरणारी हवा गरम असल्याने हा आकडा किंचित जास्त येतो. तेव्हा त्यातून दहावा हिस्सा वजा करावा. जुने यंत्र घेताना तर ही परीक्षा टाळूच नये, कारण झिजलेल्या रिंगा व झडपा ताज्या रंगाखाली दिसत नाहीत, पण घड्याळापुढे त्या लपत नाहीत.

विजेचा विचार

सिंगल फेज विजेवर २, फार तर ३ अश्वशक्तीपर्यंतचे यंत्र नीट चालते. त्यावरील यंत्रास थ्री-फेज वीज हवी. कृषी वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच असतो. शिवाय शेतीपंपाची जोडणी कार्यशाळेच्या कामासाठी नसते, म्हणून व्यवसाय करावयाचा असल्यास स्वतंत्र जोडणी घ्यावी. व्होल्टेज उतरले असता मोटार अधिक प्रवाह ओढते व जळते. यास्तव ओव्हरलोडची सोय असलेला स्टार्टर व उत्तम अर्थिंग यांत काटकसर करू नये. जेथे विजेची खात्री नाही तेथे डिझेल इंजिनावर चालणारे यंत्र विचारात घेता येते.

पट्ट्यावर फिरणारे, कमी फेऱ्यांचे, दोन सिलिंडरचे यंत्र थेट जोडलेल्या लहान वेगवान यंत्रापेक्षा कमी तापते व अधिक टिकते. पट्ट्यावर जाळी असलीच पाहिजे.

पाणी : पावसाळ्यातील खरा शत्रू

हवेत बाष्प असते. हवा दाबली गेली की तिला तेवढे बाष्प धरून ठेवता येत नाही व त्याचे पाणी होते. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमधील ३० अंश तापमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती हवा ७ किलोपर्यंत दाबून ३५ अंशांपर्यंत निवविली तर तिच्यात केवळ ५ ग्रॅम राहू शकते. उरलेल्या १९ ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला २५० लिटर या हिशेबाने तासाभरात १५ घनमीटर हवा लागते, म्हणजे पाव लिटरहून अधिक पाणी टाकीत व नळीत जमते. त्यातील थोडे जरी गनमधून बाहेर पडले तरी रंगावर फोड येतात व फोडाखाली गंज धरतो.

याउलट मे महिन्यात पारा ४३ अंशांवर व आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असता टाकी बहुधा कोरडीच राहते. मात्र त्या दिवसांत दुसरी अडचण येते. रंगाचे कण पत्र्यावर पोचण्यापूर्वीच सुकतात आणि पृष्ठभाग काचपेपरासारखा खरखरीत होतो. त्या काळात काम पहाटे उरकावे, पत्रा सावलीत ठेवावा व सावकाश उडणारे थिनर वापरावे.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, म्हणून त्याआधी ती रंगवून घेण्याची घाई असते. परंतु तो काळ पावसाळ्याच्या अखेरचा व दमट असतो. पूजेसाठी अवजारे धुऊन, गंज घासून, तेलपाणी करून ठेवावीत आणि संपूर्ण रंगकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे, हे अधिक हितावह आहे. त्यातही धुके व दव ओसरल्यावर, सकाळी उशिरा काम सुरू करावे.

पाणी रोखण्यासाठी पुढील व्यवस्था करावी. टाकीपासून गनपर्यंतच्या मार्गात काही मीटर धातूची नळी ठेवावी, म्हणजे हवा निवते. नळीला टाकीकडे किंचित उतार द्यावा. गनकडे जाणारा फाटा नळीच्या वरच्या अंगातून काढावा. पाणी-तेल गाळणारी गाळणी टाकीला लागून न बसविता नळीच्या शेवटी बसवावी, कारण गरम हवेतील बाष्प गाळणीतून तसेच निघून जाते. टाकीच्या तळची तोटी रोज काम संपल्यावर उघडावी. दमट हवेत ती दर तासाला उघडावी.

तेलाचा अंश आला तर ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. काम सुरू करण्यापूर्वी रंग न भरता गनची हवा मिनिटभर स्वच्छ काचेवर सोडावी. काचेवर ओल किंवा तेलकट डाग दिसला तर रंग ओतू नये.

नळी

उत्तम यंत्र घेऊन त्यास बारीक नळी जोडणे म्हणजे मोठ्या पंपाला अरुंद पाइप लावणे होय. आतून ६ मिलिमीटर असलेल्या दहा मीटर नळीत मोठ्या गनचा दाब एक किलोहून अधिक उतरतो. नळी आतून निदान १० मिलिमीटरची असावी. दाब टाकीवर न वाचता गनच्या मुठीशी व घोडा दाबलेला असताना वाचावा.

टाकीतील शक्ती

२०० लिटरची, ७ किलो दाबाने भरलेली टाकी फुटली तर जी शक्ती मोकळी होते ती पाच क्विंटलच्या बैलाला सुमारे वीस मीटर उंच उचलण्याएवढी असते. स्फोटक व दाबपात्रांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या केंद्र शासनाच्या 'पेसो' या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. कारखान्यातील दाबयंत्रे सुरक्षित दाबापलीकडे जाऊ नयेत असे बंधन कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ नेही घातले होते. गावातील लहान कार्यशाळा कायद्याच्या कक्षेत येवो अथवा न येवो, टाकीला ते कळत नाही. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

१. सुरक्षा झडप कधीही बंद करू नये, बांधू नये किंवा तिची स्प्रिंग आवळू नये. आठवड्यातून एकदा कडी ओढून ती उघडते याची खात्री करावी.

२. गॅसचे जुने सिलिंडर, ड्रम अथवा भंगारातील टाकी हवेसाठी वापरू नये. टाकी आतून गंजते व बाहेरून धडधाकट दिसते.

३. टाकीवर वेल्डिंगची ठिगळे लावू नयेत. जुन्या टाकीची चाचणी जाणकाराकडून पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर करून घ्यावी. हवेने चाचणी करणे प्राणघातक आहे.

४. दाबाच्या हवेसाठी ओलिताचा पी.व्ही.सी. पाइप वापरू नये. तो फुटला की त्याच्या चिपा गोळीसारख्या उडतात.

५. अंगावरील धूळ दाबाच्या हवेने उडवू नये.

श्वास हीही यंत्राइतकीच जपण्याची वस्तू

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारा कशाचाही असो, तो करणाऱ्याच्या नाकातोंडात जातो, हा धडा रंगकामालाही लागू आहे. घट्टक मिसळून वापरावयाच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट हे द्रव्य असते व त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडावरील रुमाल किंवा कापडी मुखपट्टी त्यापुढे निरुपयोगी आहे. स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा व हवा ओढून घेणारा पंखा यांची सोय नसेल तर असे रंग गावच्या कार्यशाळेत वापरूच नयेत. साध्या सिंथेटिक इनॅमलनेही ट्रॉलीचे उत्तम रक्षण होते. तेव्हाही सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मुखवटा लावावा. जुन्या यंत्रांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा.

थिनरची वाफ ठिणगीने पेट घेते. यास्तव कॉम्प्रेसर, स्टार्टर व वेल्डिंग यंत्र रंगाच्या खोलीबाहेर, सावलीत व धूळ नसलेल्या जागी ठेवावे. तेथील थंड हवा यंत्रालाही मानवते.

कोणी काय घ्यावे

स्वतःची दोनचार अवजारे वर्षातून एकदा रंगविणाऱ्या शेतकऱ्याने कॉम्प्रेसर घेऊच नये, हा सर्वांत प्रामाणिक सल्ला होय. वखर, नांगर व ट्रॉलीचा सांगाडा यांना गंज घासून अस्तर व ब्रशाचे दोन हात पुरेसे आहेत. हवा हवीच असल्यास २ अश्वशक्तीचे सिंगल फेज यंत्र, १०० लिटरच्या वरची टाकी व लहान गन घेऊन एकेक फळी रंगवावी.

अवजार बँक किंवा गावच्या कार्यशाळेस ट्रॅक्टर-ट्रॉलीचे नियमित काम असेल तर ५ अश्वशक्तीचे थ्री-फेज, दोन सिलिंडरचे, पट्ट्यावर चालणारे यंत्र, २०० ते २५० लिटरची टाकी व २५० लिटरच्या आतबाहेर हवा खाणारी गन हा मेळ समाधानकारक ठरतो. हवेवर चालणारे घासणीयंत्रही वापरावयाचे असल्यास त्याची गरज वेगळी मोजावी. ते गनइतकीच हवा खाते, आणि तीही न थांबता. वाळूच्या माऱ्याने गंज काढण्यास याहून कितीतरी अधिक हवा लागते. ते काम मोठ्या कार्यशाळेकडून करून घ्यावे.

गटाच्या पैशाने खरेदी करताना दोन सभासदांनी दुकानात जावे, गनचे माहितीपत्रक बरोबर न्यावे, घड्याळ लावून टाकी भरून पाहावी आणि आलेला आकडा, टाकीच्या चाचणीचा दाखला व सुरक्षा झडपेचा दाब गटाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढे दरवर्षी दिवाळीनंतर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. ज्या वर्षी टाकी भरण्यास लागणारा वेळ लक्षणीय वाढलेला दिसेल, त्या वर्षी रंगकामाआधी रिंगा व झडपा बदलून घ्याव्यात.